काळी चार, पांढरी मुकी

माझ्या कानांची कुरकुर तुम्हाला नवी नाही. शेजारचा मिक्सर झाला, दहीहंडीचा डीजे झाला. या आठवड्यात पाळी वरच्या मजल्यावरच्या पियानोची.

संध्याकाळी सात वाजले की सुरू. एक हात गातो काळी चारमध्ये, दुसरा पांढरी चारमध्ये, दोघांची ओळख नसल्यासारखे. पोरगी चुकत होती, आणि रोज तीच चूक न चुकता करत होती. तीन दिवस सोसलं, चौथ्या दिवशी वर गेलो.

‘वहिनी, हिच्या बाईंना सांगा, सूर लागत नाहीत.’

‘भाऊजी, ते तसंच लिहिलंय.’

मुलीने नोटेशन पुढे केलं. डावा हात फक्त काळ्या पट्ट्यांवर, उजवा फक्त पांढऱ्यांवर. ‘काका, डाव्या हाताला पांढरी लागली ना, तर ती खरी चूक.’

हे उद्योग आल्बेर्तो जिनास्तेरा नावाच्या अर्जेंटिनाच्या माणसाचे. १९३७ साली, ऐन एकविशीत त्याने तिथल्या लोकनाचांवरून पियानोसाठी तीन नाच लिहिले. पहिला, म्हणजे ही वाजवत होती तो, बैल हाकणाऱ्या म्हाताऱ्याचा, दुसरा देखण्या पोरीचा, तिसरा फरार गाऊचोचा. गाऊचो म्हणजे तिथल्या कुरणांतले घोडेस्वार गुराखी. पाय आपटत एकमेकांशी पैजा लावणारा मालांबो हा नाच त्यांचाच. ठेका सहाचा, कधी तीन-तीन, कधी दोन-दोन-दोन. म्हणजे आपला दादराच, फक्त टाचांना नाल ठोकलेला. आपली बरीच कोळीगीतंही याच सहांवर डुलतात.

तक्रार करायला गेलेला मी चहा पिऊन, पायाने ठेका धरत खाली आलो. हिने विचारलं, ‘सांगितलंत ना?’ मी पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी मुलगी आमच्याकडे आली आणि तिची नजर वडिलांच्या पेटीवर गेली. त्या पेटीचीही एक कथा आहे. आम्ही राहतो मुंबईत हिंदमाताला, आणि हिंदमाता म्हणजे बशी. भोवतीचं सगळं पाणी इथे उतरतं. आता पालिकेने जमिनीखाली टाक्या बांधल्यात, पण २६ जुलै २००५ च्या पुरात आम्ही तळमजल्यावर होतो. गाद्या माळ्यावर चढवल्या, पलंगाखाली विटा लावल्या, गॅसची शेगडी ओट्यावरून फळीवर गेली. पेटी राहिली कोपऱ्यात. सकाळी उघडली तर भात्यातून गाळ निघाला. वडील काही बोलले नाहीत, फडक्याने एकेक पट्टी पुसत बसले. भाता पुढे नवा बसवला. खराब झालेल्या रीड तशाच राहिल्या.

मी भाता मारला, तिने पट्ट्या दाबल्या. पांढऱ्यांतल्या तीन मुक्या, काळ्या मात्र एकूण एक बोलल्या. ‘काका, डावा हात पूर्ण वाजतो!’ म्हणत तिने तो म्हातारा बैलवाला आमच्या पेटीवर चालवलाही.

राहिला उजवा हात. जुन्या पेटीच्या रीड बदलून देणारं कोणी परळ-लालबागकडे अजून असेल, तर कृपया कळवा.