निकालात दुसरं नाव कुठंय?

जुलै महिना आला की आमच्या कँटीनमधे एक वाक्य दरवर्षी ऐकू येतं. टूर द फ्रान्सची हायलाईट्स कुणीतरी मोबाईलवर लावलेली असतात, आणि मागून कुणीतरी डोकावून म्हणतं, "हा काय खेळ आहे राव? दोनशे किलोमीटर दुसऱ्याच्या मागे लपायचं आणि शेवटच्या दोनशे मीटरला पुढे येऊन हात वर करायचे!"

याच्यावर आमच्यातला कॅव्हेंडिशभक्त खवळतो आणि आकडा फेकतो. पस्तीस! टूरमधे ३५ टप्पे जिंकलेत त्याने, एडी मर्क्सपेक्षा एक जास्त. मग चहा संपेपर्यंत भांडण. मला या दोघांचाही राग येतो, कारण एक त्या माणसाला आयतोबा म्हणतो, दुसरा देव म्हणतो, पण बघतात दोघेही एकाच माणसाकडे.

आधी आयतोबावाल्याचं बघू. भाऊ, आपण इंजिनिअर आहोत ना? हवेचा विरोध कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे तू परीक्षेत लिहून मार्क घेतले आहेस. पुढच्याच्या चाकामागे राहिलं की तीसेक टक्के कष्ट सहज वाचतात. ताशी पासष्ट-सत्तर किलोमीटरच्या वेगात उघड्या वारयावर कुणीही दहा-बारा सेकंदांच्या वर टिकत नाही. म्हणजे स्प्रिंटर लपतो तो आळशी म्हणून नाही. हजार-बाराशे वॉटच्याही वर जाणारा तो एकच फटाका त्याच्याकडे असतो, तो आधी ओला होऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. शिवाय हे वजनदार गडी डोंगरात रोज वेळेच्या मर्यादेत पोचायला जिवाचं रान करतात. मर्यादा चुकली की सरळ घरी.

आता देववाल्याकडे वळतो, कारण माझं खरं भांडण त्याच्या आकड्याशी आहे.

तो फटाका कोरडा कोण ठेवतं? २०२१ची टूर घ्या. कॅव्हेंडिशने चार टप्पे जिंकले, हिरवी जर्सी घेतली, मर्क्सच्या ३४शी बरोबरी केली. त्याच टीममधे टिम डेक्लर्क नावाचा एक उंच बेल्जियन होता, टोपणनाव 'ट्रॅक्टर'. त्याचं काम काय, तर पुढे पळालेल्या चार-पाच जणांना फार लांब जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी तासन्‌तास सगळ्या झुंडीच्या पुढे राहून वारा खायचा. कॅमेऱ्यात दिसायचा तो दुपारी, जेव्हा निम्मे प्रेक्षक पेंगत असतात. पॅरिसला पोचलेल्या १४१ जणांत डेक्लर्कचा नंबर कितवा? एकशे एक्केचाळिसावा! निकालपत्रक वाचणाऱ्याला वाटेल, हा कोण ढ गोळा भरती केला होता?

शेवटच्या तीन किलोमीटरमधे तर दुसरंच नाटक असतं. टीमचे गडी आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक लागतात. पुढचा डबा काहीशे मीटर जीव तोडून ओढतो आणि बाजूला होतो, मग पुढचा. सगळ्यात शेवटचा डबा म्हणजे लीड-आऊट मॅन. स्प्रिंटरला कुठल्या बाजूने, किती वेगात आणि नेमकं कधी सोडायचं हे तो ठरवतो. पन्नास मीटर आधी सोडलं तर स्प्रिंटर वाऱ्यात मरतो, उशीर झाला तर दोघेही कोंडीत अडकतात. कॅव्हेंडिशसाठी वर्षानुवर्षं हे काम मार्क रेनशॉने केलं. २००९मधे पॅरिसला त्याने असं काही ओढलं की त्याला ओलांडून फक्त कॅव्हेंडिशच जाऊ शकला. बाकी सगळी दुनिया रेनशॉच्याही मागे. निकालात काय छापलं? '२. रेनशॉ.' म्हणजे हरला! २०२१ला कार्कासोनमधे, त्या ३४व्या विजयाच्या दिवशी, मायकेल मॉर्कोव्हच्या बाबतीत तंतोतंत हेच. '२. मॉर्कोव्ह.' ज्याने जिंकवलं तो कागदावर पराभूत.

आपलं क्रिकेट बघा. 'झे. द्रविड गो. कुंबळे.' एक विकेट, दोन नावं. शंभर-सव्वाशे वर्षं कुणाला त्यात अडचण वाटली नाही. फुटबॉलमधेही गोलचा पास कुणी दिला हे मोजतात. सायकलिंगमधेच काय हात मोडलेत?

यावर उत्तर ठरलेलं असतं: "त्यांना पगार मिळतो ना? शिवाय बक्षीस वाटून घेतात." मिळतो, आणि घेतातही. टूरचा टप्पा जिंकला की ११,००० युरो मिळतात, आणि बक्षिसाचे पैसे टीममधे वाटायची जुनी रीत आहे. म्हणजे टीमच्या आतला हिशोब बाहेरच्या निकालापेक्षा प्रामाणिक आहे, हे तुम्हीच कबूल केलंत!

आणि हा फक्त मानापानाचा प्रश्न नाही. जागतिक संघटना गुण देते ते वरच्या नंबरांना. दोनशे मीटरवर बाजूला होऊन चाळिसावा येणाऱ्याला शून्य. २०२० ते २०२२ या तीन वर्षांच्या गुणांवर टीम वरच्या वर्गात राहणार की खाली जाणार हे ठरलं, आणि त्यातही टीमच्या फक्त पहिल्या दहा जणांचे गुण धरले. लोटो-सुदाल आणि इस्रायल-प्रीमियर टेक खाली गेल्या. त्या हंगामात कित्येक टीम छोट्याछोट्या शर्यतींत गुण वेचत फिरत होत्या. अशा वेळी मॅनेजर काय करणार? ओढणाऱ्याला सांगणार, तू ओढू नकोस, तूही पाचवा ये. २०२३पासून वीस जणांचे गुण धरतात, म्हणजे पूर्वीपेक्षा जरा बरं. पण ओढण्याचा भाव शून्यच.

या मदतनीसांना फ्रेंचमधे 'डोमेस्टिक' म्हणतात, म्हणजे घरगडी. टूर सुरू करणाऱ्या आन्री देग्रांजने १९११मधे ब्रोको नावाच्या सायकलपटूला हिणवायला तो शब्द वापरला होता, कारण तो दुसऱ्याला मदत करत होता. देग्रांजला एकेकट्याची शर्यत हवी होती. शर्यत केव्हाच बदलली, पण निकाल अजून देग्रांजच्याच मनासारखा लागतो.

स्वतः सायकलपटूंना यात कमीपणा वाटत नाही, ही गंमत. २०१२मधे कॅव्हेंडिश जगज्जेता होता, इंद्रधनुषी जर्सीत, आणि विगिन्सच्या टीमसाठी गाडीकडून पाण्याच्या बाटल्या आणत होता. मग पॅरिसला पिवळ्या जर्सीतल्या विगिन्सने पुढे येऊन त्याच्यासाठी ओढलं. २०२४मधे माथ्यू व्हॅन डर पूल जगज्जेता असताना फिलिप्सनसाठी राबला, आणि त्या टूरमधे स्वतः एकही टप्पा जिंकला नाही. कोणाच्या नावावर काय लागलं? सांगायला नकोच.

"मग सात जणांची नावं छापायची का?" नको बाबा. मिडऑफला दिवसभर धावा अडवणाऱ्याचं नावही स्कोअरबोर्डवर नसतं. शेवटच्या डब्याचं छापा, तेवढ्यावर मी गप्प बसतो. (डेक्लर्कवर अन्याय राहीलच, मान्य आहे.)

आणि जिथे कुणी शेवटपर्यंत सोडायला नव्हतं तिथे रकाना रिकामा ठेवा. ३ जुलै २०२४, सां-व्हुलबास, तो पस्तिसावा. शेवटच्या गोंधळात कॅव्हेंडिशने दुसऱ्यांच्याच चाकांमागून स्वतः वाट काढली. त्रिफळाच तो, तिथे एकच नाव शोभतं. पण कार्कासोनच्या निकालात मॉर्कोव्हच्या नावामागे तो दोनचा आकडा आहे ना, तो तेवढा खोडा.