स्कॅनर बसवला, पण कुठे?

छत्रपती संभाजीनगरात शिकणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोराला वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा ही नावे तोंडपाठ असतात. प्लेसमेंटचे स्वप्न तिथेच कुठेतरी असते ना! पण तिथे मशीनशेजारी आठ तास उभा राहणारा माणूस धडधाकट घरी कसा जाईल, हा प्रश्न व्हायव्हात कुणी विचारत नाही. माझ्या मते विचारायलाच हवा. सेफ्टी लेझर स्कॅनर हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे.

हा डबा दिसायला साधा. आतला फिरता आरसा इन्फ्रारेड किरण चौफेर टाकतो आणि किरण परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. आपण आखून दिलेल्या क्षेत्रात पाय पडला की वेल्डिंग रोबोटला थांबण्याची आज्ञा जाते. पण आज्ञा मिळाली म्हणजे रोबोट थांबला, असे नाही. स्कॅनर, रिले, ब्रेक असा प्रत्येकजण आपापला वेळ घेतो, आणि तेवढ्यात माणूस चालतच असतो.

म्हणून आयएसओ १३८५५ हे मानक साधे गणित सांगते. चालत्या माणसाचा वेग सेकंदाला १६०० मिमी धरायचा, त्याला थांबण्याच्या एकूण वेळाने गुणायचे आणि लांबवलेल्या हातासाठी जादा अंतर मिळवायचे. किरण जमिनीपासून ३०० मिमीवर असेल तर हे जादा अंतर १०८० मिमी येते. एकूण वेळ अर्धा सेकंद असेल तर झाले १८८० मिमी. स्कॅनरच्या मोजमापातल्या चुकीची सूट वेगळी धरायची.

आता खरी गोम बघा. ब्रेक झिजला आणि अर्ध्याचा ०.८ सेकंद झाला, तर अंतर २३६० मिमी हवे. म्हणजे दीड फुटाहून जास्त फरक! स्कॅनर जागेवरच, हिरवा दिवाही चालू, आणि संरक्षण मात्र अपुरे. म्हणून थांबण्याचा वेळ कॅटलॉगमधून उचलू नये. तो मशीनवर मोजावा आणि ठराविक काळाने पुन्हा मोजावा.

जागेचे इतरही प्रश्न आहेत. पॅलेटच्या आड स्कॅनरला दिसत नाही, तिथे समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन स्कॅनर लागतात. किरण ३०० मिमीच्या वर नेला तर खालून रांगत जाणाऱ्याचा विचार करावा लागतो. क्षेत्र ओलांडून आत गेलेला माणूस दिसत नसेल, तर मशीन आपोआप पुन्हा सुरू होता कामा नये; रीसेटचे बटण बाहेर, सगळा भाग दिसेल अशा जागी हवे. आणि पॉवर प्रेसच्या डायमध्ये हात घालावा लागतो, तिथे पायाशी बसवलेला स्कॅनर काय कामाचा? तिथे लाइट कर्टन किंवा दोन्ही हातांनी दाबायची बटणे हवीत.

ट्रेनिंगच्या वेळी एका कारखान्यात मी ऐकले, "ऑपरेटर लोक स्कॅनर बायपास करतात हो, त्यांना शिस्तच नाही." पण तिथे स्कॅनरचे क्षेत्र येण्याजाण्याच्या वाटेवर आले होते. ट्रॉली गेली की लाइन बंद! प्रॉडक्शनचा आकडा डोक्यावर असलेला माणूस मग काय करणार? बायपासचे समर्थन मी करत नाही. पण शिस्तीच्या आधी ड्रॉइंग तपासा, एवढेच म्हणतो.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २१ मध्ये एक मोलाची अट होती: भाग फिरत असताना संरक्षण जागेवर आणि सुस्थितीत असलेच पाहिजे. "बसवले होते" एवढे सांगून भागत नाही.

आपल्या कॉलेजात हे सहज जमेल. वर्कशॉपमधल्या एका मशीनचा थांबण्याचा वेळ मोजायचा, सुरक्षित अंतर काढायचे आणि जमिनीवर खडूने रेघ मारायची. एका प्रॅक्टिकलचे काम! सर, एवढे जर्नलमध्ये घ्याच. उद्या ड्रॉइंगवर सही आपली असेल, पण त्या रेघेपलीकडे हात दुसऱ्याच कुणाचा तरी असेल.