संगणकाशी गप्पा : कुलूप लावणारे चोर

बालमित्रांनो,

आज आधी रिसोडहून आलेलं एक पत्र घेऊ. पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीच्या दादाने दुकानाचे हिशेब आणि घरचे फोटो संगणकावर ठेवले होते. एके दिवशी एकही फाइल उघडेना! प्रत्येक नावापुढे भलतीच अक्षरं, आणि पडद्यावर धमकी : पैसे भरा, मगच किल्ली मिळेल. ती विचारते, ‘‘काका, पैसे भरले तर आजीचे फोटो परत मिळतील का?’’

खरं सांगू? खात्री नाही. चोराच्या शब्दावर भरवसा कसा ठेवायचा?

या प्रकाराला रॅन्समवेअर म्हणतात. रॅन्सम म्हणजे खंडणी. हा प्रोग्राम फाइलीतला मजकूर गुप्त लिपीत बदलून टाकतो आणि तो उलगडायची किल्ली चोराकडे राहते. दादाला सांग, १९३० या क्रमांकावर तक्रार कर आणि त्या फाइली पुसू नकोस. पोलिसांना कधी कधी टोळीच्या किल्ल्या सापडतात. नेदरलँड्सचे पोलीस आणि युरोपोल यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात अशा किल्ल्या फुकट मिळतात. सगळ्याच कुलपांच्या नाही, पण शोधून बघायला हवं.

आणि दादाला रागावू नका बरं का! मोठमोठे कारखानदारही यात सापडलेत. पुण्याची टाटा टेक्नॉलॉजीज ही कंपनी मोटारी आणि विमानं बनवणाऱ्यांना आराखडे करून देते. जानेवारी २०२५ मध्ये तिच्यावर असाच हल्ला झाला. काही सेवा थोडा वेळ बंद ठेवून तिने पुन्हा सुरू केल्या. पण मार्चमध्ये एका टोळीने दावा केला, की कंपनीच्या फाइली आमच्याकडे आहेत!

म्हणजे हल्ली चोर आधी नक्कल पळवतात, मग कुलूप लावतात. तैवानची क्वान्टा कंपनी अ‍ॅपलचे लॅपटॉप बनवते. एप्रिल २०२१ मध्ये चोरांनी तिच्याकडे ५ कोटी डॉलर मागितले आणि बाजारात न आलेल्या लॅपटॉपचे आराखडे जगजाहीर केले.

कुलपावर उपाय आहे. तुमच्या वाशीमकडे सगळं सोयाबीन विकून टाकतात का? कितीतरी शेतकरी पेरणीपुरतं बियाणं वेगळं काढून ठेवतात. तशीच फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. प्रत झाली की डिस्क काढून कपाटात! जोडलेली राहिली तर तिलाही कुलूप बसेल.

फुटलेली माहिती मात्र परत आणता येत नाही. म्हणून आधारकार्डाचा फोटो किंवा पासवर्ड कुठेही ठेवण्याआधी स्वतःला विचारा, याची इथे खरंच गरज आहे का?

या रविवारी आईबाबांना सोबत घ्या आणि एक प्रत काढाच. सुरुवात आजीच्या फोटोंपासून करा.

तुमचा,
संगणककाका