पुढचा खडखडाट आणि आपलं ‘चालतंय की’

सभासद बंधूंनो, गळीत हंगाम तोंडावर आला, की ट्रॅक्टरला रंग लागतो, स्पीकर बसतो. पण पुढच्या एक्सलखाली कुणी वाकून बघत नाही. विचारावे तर उत्तर ठरलेले, “खडखडतंय, पण चालतंय की!” आमचे स्पष्ट मत असे, की पुढे वाजणारा ट्रॅक्टर दुरुस्त झाल्याखेरीज ऊस वाहतुकीस लावूच नये. स्टेअरिंग ऐकेनासे झाल्यावर मागच्या दोन भरल्या ट्रॉल्या कुणाला आवरायच्या?

मिस्त्रीकडे जाण्याआधी घरीच पारख होते. साध्या ट्रॅक्टरला पुढे बहुधा स्प्रिंग नसते. एक्सल मधल्या पिनीवर झुलतो. तेव्हा आवाज आला, की कुठेतरी ढिलाई आहे असेच समजावे. कठीण जमिनीवर मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा एक्सल जॅकने उचलून खाली भक्कम ओंडका द्या. चाक वर-खाली धरून हलवा. नुसते चाकच हलले तर बेअरिंग ढिले. सोबत स्पिंडलही हलला तर त्याचे बुश झिजले. आडवे धरून हलवताना खट्ट वाजले तर टायरॉडचे एंड बघा. मधल्या पिनीपाशी पहारीने एक्सल पुढे-मागे रेटला, की तिथला खेळही कळतो.

सगळं घट्ट निघूनही वाजतंय? मग ट्रॉली बघा. हुकावर भार जादा पडला, की ट्रॅक्टरचे नाक हलके होते आणि खड्ड्यात उचलून आदळते. एक खेप वाचवायला ट्रॉली शिगोशीग भरायची आणि बुश टिकत नाही म्हणून मिस्त्रीला बोल लावायचा, हे आम्हांस पटत नाही.

आणि हो, ग्रीस मारण्याआधी निपलवरचा चिखल पुसा, नाहीतर तोच आत जातो.