पोरगं बोलेल, मास्तरांनी ऐकायचं

दोस्तांनो, पालकसभा म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नका. मी ती भोगलेली आहे.

माझा बाप म्युनिसिपालटीत मोटार लोडर होता. कचऱ्याच्या गाडीवर, पहाटेची ड्युटी. मी चौथीत असताना शाळेतून चिठ्ठी आली, पालकांना घेऊन ये. बापानं खाडा केला, लग्नाकार्यातला सदरा घातला आणि आला. वर्गात बाकं होती, खुर्च्या होत्या. बाप दाराला टेकून उभा राहिला. बसा असं कुणी म्हणालं नाही, आणि बसायचं असतं हे त्यालाही वाटलं नाही. गुरुजींनी प्रगतिपुस्तक उघडलं आणि सुरू झाले. आकलन कमी आहे, एकाग्रता नाही, गृहपाठात सातत्य नाही, घरी अभ्यासाचं वातावरण नाही. बाप नुसती मान डोलवत होता. शेवटी गुरुजी माझ्याकडे वळले, "सांग रे तुझ्या बापाला, मी काय म्हणालो ते."

मी सांगितलं, "गुरुजी म्हणत्यात, पोरगं बरंय, जरा खेळतंय जास्त."

बापानं हात जोडले. घरी येताना मला वडापाव घेऊन दिला. तो वडापाव माझ्या घशाखाली उतरला नाही, पण खोटं बोललो याचं वाईट आजही वाटत नाही. दहा फुटांची खोली, तिच्यात सात माणसं, तिथं कसलं वातावरण आणायचं होतं गुरुजींना? मुद्दा दुसराच आहे. त्या दिवशी ती सभा मीच चालवली. मास्तर आणि बाप यांच्या मधला एकमेव पूल मी होतो. फक्त माझ्या हातात माझी बाजू नव्हती, गुरुजींचा निरोप होता.

आता हे बघा. मुंबईतल्या लाखालाखांची फी घेणाऱ्या इंटरनॅशनल शाळांत एक नवी पद्धत रुळली आहे. स्टुडंट-लेड कॉन्फरन्स म्हणतात तिला. अमेरिकेतल्या शाळांकडून आलेली. पालकसभेत मास्तर बोलत नाहीत, पोरगं बोलतं. आपल्या कामाची फाईल आईबापांपुढे उघडतं. हे मला जमलं, हे जमलं नाही, इथं अडलो, मला अमुक मदत पाहिजे. मास्तर बाजूला बसून ऐकतात, विचारलं तर सांगतात. मी या गोष्टीची टिंगल करणार नाही. गोष्ट चांगली आहे, म्हणून तर ती त्यांनी आपल्या पोरांसाठी राखून ठेवली. त्यांचं पोरगं उद्या कंपनीत चार माणसांपुढे बोलणार आहे, त्याची तालीम आत्तापासून. आमच्या पोरानं खाली मान घालायची, त्याचीही तालीम आत्तापासूनच!

हेच म्युनिसिपालटीच्या शाळेत करा म्हणालं की उत्तर तयार असतं. तुमची पोरं बोलत नाहीत हो. पालक अडाणी, त्यांना काय कळणार. च्यायला, आमची पोरं बोलत नाहीत? रेशनच्या दुकानात कार्ड कोण दाखवतं? बँकेत आईची स्लिप कोण भरतं? सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत आजीचं दुखणं कोण सांगतं? जातीच्या दाखल्यासाठी कचेरीतल्या साहेबाशी हुज्जत कोण घालतं? वस्तीतली दहा-बारा वर्षांची पोरगी अख्ख्या घराची वकील असते. ती मुकी होते ती फक्त शाळेच्या उंबऱ्यात. तिथं तिला मुकं केलं जातं.

कायदा काय म्हणतो तेही पाहून घ्या. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातलं कलम 24 सांगतं, शिक्षकानं पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत, प्रगती यांची माहिती त्यांना द्यावी. म्हणजे शिक्षक सांगणार, पालक ऐकणार, आणि ज्याच्याविषयी चाललंय ते पोरगं या वाक्यात कुठंच नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात प्रगतिपुस्तकात मुलाचं स्वतःचं मूल्यमापन घालायचं ठरलं, पण त्याच्या जोडीला सभा पुन्हा पालक-शिक्षकांचीच. कागदावर पोरानं स्वतःविषयी लिहायचं, आणि तोंड उघडायची वेळ आली की दाराबाहेर थांबायचं. बालहक्कांच्या ज्या कराराला भारत 1992 साली बांधला गेला, त्याच्या 12 व्या कलमात मुलाचं म्हणणं ऐकलं जावं असं स्वच्छ लिहिलंय. ते वाचायला सवड कुणाला आहे?

आमच्या पोरानं वर्गात पुढं येऊन उभं राहणं ही साधी बाब कधीच नव्हती. एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तेव्हा सवर्ण पोरं ओरडत उठली, कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे होते. आधी डबे हलले, मग भीमराव फळ्यापाशी पोचले. आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1855 साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ज्ञानोदयात छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी, तिच्या स्वतःच्या तोंडचा. तिच्या वतीनं कुणी मास्तर बोलला नाही. मूकनायक निघाला 1920 ला. शंभरावर वर्षं उलटली, आणि आमचं पोरगं पालकसभेत अजून भिंतीला चिकटून उभं.

पण सावध राहा. ही पद्धत जशीच्या तशी उचलून आणली तर तिचा कबुलीजबाब व्हायला वेळ लागणार नाही. पोरगं पाठ करून येणार : मी आळशी आहे, मी मोबाईल बघतो, मी यापुढे प्रयत्न करीन. टाळ्या! आपलंच आरोपपत्र आपल्याच तोंडानं वाचायचं. आत्मपरीक्षण हा शब्द आम्हाला हजार वर्षं ऐकवलाय, ज्यांनी करायला हवं होतं त्यांनी कधी केलं नाही. म्हणून पोराच्या फाईलीत दुसरा भाग पाहिजे, शाळेचं प्रगतिपुस्तक. गणिताचे सर किती दिवस निवडणुकीच्या कामावर होते. वर्ग कोण झाडतं, रोज तीच पोरं का. शेवटच्या बाकावर कुणाला बसवतात. मुतारीत पाणी असतं का. स्कॉलरशिपवाले उभे राहा, असं सगळ्या वर्गापुढं कोण म्हणतं.

बोलणाऱ्या पोराचे मार्क मास्तरांच्याच हातात असतात, हे मी विसरलेलो नाही. म्हणून सुरुवातीला एकट्यादुकट्या पोराला पुढं ढकलू नका. चार-पाच पोरं एकत्र, आणि वस्तीतला एक जाणता माणूस सोबत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असलेच पाहिजेत असा कायदा आहे. ते पालक आज सहीपुरते असतात. त्यांनीच ही मागणी ठरावात घालावी.

आणि आपल्या बापांविषयीही बोललं पाहिजे, उगाच झाकून काय उपयोग. पोरानं सभेत नापास म्हणायचं आणि घरी येऊन पट्ट्यानं मार खायचा, तर पुढच्या वेळी ते माझ्यासारखंच खोटं बोलेल. पोरीचं तर त्याहून अवघड. पण मला उलटंही दिसतं. मला दहावीनंतर शिकायचंय, लग्न नको, हे घरात म्हणणारी पोर दाबली जाते. तेच ती फाईल हातात धरून बाईंपुढे, चार पालकांपुढे म्हणाली, तर बापाला ऐकावं लागेल.

आपण मोर्चे काढतो, निवेदनं देतो, फोटो काढतो. येत्या सहामाहीनंतर जरा हे करून पाहू. वस्तीतल्या विहारात संध्याकाळी पोरांना जमवा, फायली लावू द्या, एकमेकांपुढे बोलू द्या. अडखळली तरी मधे तोंड घालू नका. मग हेडमास्तरांकडे जा आणि सांगा, सभा रविवारी घ्या, नाहीतर कामाच्या दिवशी रात्री आठनंतर. दुपारी अकराची वेळ आमच्या माणसांना खाड्याशिवाय परवडत नाही. खुर्च्या सगळ्यांना पुरतील एवढ्या मांडायच्या, हेही आधीच सांगून ठेवा.