पायऱ्या आणि पाळणा

रायगडावर जाण्यासाठी हिरकणीवाडीहून रोपवे सुरू झाला तो 1996 साली. तेव्हापासून त्याच्यासंबंधी दोन पक्ष अखंड भांडत आले आहेत. पहिला पक्ष म्हणतो, जो गड छत्रपतींनी राजधानीसाठी निवडला, तो लोखंडी दोराला लोंबकळत गाठणे हा त्या गडाचा उपमर्द आहे. दुसरा म्हणतो, दोन तासांची चढण पाच मिनिटांत आटोपत असेल, तर घाम गाळण्यात कसली आली आहे देशभक्ती? पहिल्याचा आवाज मोठा आहे, दुसऱ्याची संख्या मोठी आहे. आणि आमच्या मते दोघांनीही मूळ प्रश्नाला हात घातलेला नाही. रोपवे असावा की नसावा, हा वाद आता शिळा झाला. रोपवे आहे, आणि तो राहणार. प्रश्न उरतो तो असा की, एका दिवसात रायगड पाहून परतणाऱ्या कुटुंबाने त्या दोराचा उपयोग कोणत्या टोकाला करावा?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. तो क्षुल्लक नाही, हेच दाखवण्याचा येथे हेतू आहे.

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावातील एखाद्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. 1981 साली कुलाबा जिल्ह्याचे नाव बदलून रायगड झाले. म्हणजे या कुटुंबाच्या पत्त्यात, मुलांच्या दाखल्यांत, घराच्या कागदपत्रांत सर्वत्र त्या गडाचे नाव आहे. सुटी जवळ आली की बेत ठरतो. मग चर्चा कसली चालते? पहिला पाळणा किती वाजता सुटतो, तिकिटासाठी रांग किती लांब असते, जेवण वर घ्यावे की खाली, आणि दुपारी निघून दिवेलागणीला घरी पोहोचता येईल की नाही. सारेच प्रश्न व्यवहाराचे आणि योग्य आहेत. परंतु गडात आपण कोणत्या दाराने शिरणार, हा एक प्रश्न त्या चर्चेत कधी निघत नाही. आणि किल्ल्याविषयी विचारण्यासारखा पहिला प्रश्न तर तोच आहे!

कारण किल्ला म्हणजे माथ्यावरची पडकी घरे नव्हेत. घरे कोठेही बांधता येतात. किल्ला म्हणजे त्या घरांपर्यंत पोहोचू न देण्याची योजना. आणि ती योजना सगळी वाटेवर लिहिलेली असते. 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला होता. त्याने गडाचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात या डोंगराला मनुष्याच्या हातांपेक्षा निसर्गानेच अधिक मजबुती दिली आहे, वर जाण्यास एकच मार्ग आहे, त्यावर अरुंद दरवाजांचा पहारा आहे, बाकी सर्व बाजूंना सरळ तुटलेले कडे आहेत, आणि फितुरीवाचून हा गड जिंकता येणार नाही, अशा आशयाचा अभिप्राय आहे. हा परका मनुष्य वाटेने चालत वर गेला म्हणूनच हे लिहू शकला. त्याला कोणी पाच मिनिटांत अलगद माथ्यावर उतरवले असते, तर त्याने वाडे आणि दरबार यांचे वर्णन केले असते. गडाचे केले नसते.

आज जो चित् दरवाजापासून पायऱ्या चढू लागतो, त्याला ऑक्झेंडनचा अभिप्राय स्वतःच्या पायांनी पडताळून पाहता येतो. आरंभीच खुबलढा बुरुजाची जागा लागते. वाट कड्याला बिलगून वळत जाते आणि वरच्या पहारेकऱ्याची नजर आपल्यावर किती वेळ राहिली असती, हे प्रत्येक वळणावर ध्यानात येते. पुढे महादरवाजा. दोन प्रचंड बुरुजांच्या पोटात तो असा दडवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आणि त्याच्यासमोर वाट अशी मुरडली आहे की हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागा सापडू नये. दमलेल्या पायांनी जो त्या वळणावर उभा राहतो, त्याला तटबंदीचे शास्त्र कोणी समजावून सांगावे लागत नाही. आपण थकलो आहोत, मारा वरून होणार आहे, आणि दार अजून दिसत नाही, हे तीन विचार एकदम मनात आले की किल्ला समजला!

आता पाळण्यातून जाणाऱ्याची स्थिती पाहा. पाऊण किलोमीटरच्या दोरावरून तो अधांतरी वर जातो आणि मेणा दरवाजाजवळ, म्हणजे राणीवशाच्या पाठीमागे उतरतो. जेथे राजघराण्याबाहेरच्या मनुष्याचे पाऊलही सहसा पडले नसते, तेथून त्याचे गडदर्शन सुरू होते. राजसभा, नगारखाना, बाजारपेठ, जगदीश्वराचे मंदिर, छत्रपतींची समाधी हे सारे तो पाहतो आणि आल्या वाटेने परततो. महादरवाजा त्याने पाहिलेलाच नसतो. एखाद्याने नाटकाच्या शेवटच्या अंकाला येऊन बसावे आणि घरी जाऊन पात्रांचे पोशाख छान होते असे सांगावे, तशातला हा प्रकार आहे.

यावर कोणी म्हणेल, पाश्चात्त्य देशांत तर आल्प्ससारख्या पर्वतांवरही लोक पाळण्यांतून जातात आणि तरी त्यांना कोणी दोष देत नाही. हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. कारण त्यातूनच आमचा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. फ्रान्समधील शामोनी गावाहून एग्युई द्यु मिदी या शिखराकडे 1955 पासून पाळणा जातो. परंतु एका दिवसाच्या पदभ्रमणास निघालेले पुष्कळ लोक त्याच्या मधल्याच स्थानकावर उतरतात, तेथून डोंगराच्या कुशीने हिमनदीच्या काठच्या माँताँव्हेरपर्यंत काही तास चालतात आणि तेथल्या दातेरी रुळांच्या रेल्वेने खाली येतात. तेथे पाळण्याने काय वाचवले? खालच्या अरण्यातली चढण. ती चढणही रम्य असेल, पण ती कोणी रचलेली नाही. तिच्यात दार नाही, बुरूज नाही, कोणाची बुद्धी नाही. पाळण्याने चालण्याचा आरंभ वर नेला, चालणे रद्द केले नाही. रायगडावर मात्र पाळणा जो भाग गाळतो, तो मनुष्याच्या बुद्धीने दगडात रचलेला भाग आहे. आल्प्समधील पाळणा प्रवाशाला दृश्यापाशी नेतो, आणि येथला पाळणा त्याला दृश्याच्या निम्म्या भागावरून उचलून पलीकडे ठेवतो. साधन एकच, पण डोंगर निराळे. म्हणून नियमही निराळा हवा.

हे झाले सोयवाद्यांना उत्तर. परंतु पावित्र्यवाद्यांचेही थोडे ऐकून घेतले पाहिजे, आणि त्यांना थोडे ऐकवलेही पाहिजे. गडावर पायीच गेले पाहिजे, अन्यथा जाऊ नये, असे म्हणणाऱ्यांनी गडावरील दरवाजांची नावे एकदा वाचावीत. एक पालखी दरवाजा आहे, दुसरा मेणा दरवाजा आहे. पालखी आणि मेणा ही पायी चालणाऱ्यांची साधने खचित नव्हेत. त्याहून मोठा दाखला पायथ्याशी पाचाडात आहे. वृद्धपणी गडावरची हवा मानवेना म्हणून जिजाबाईंसाठी पाचाडास वाडा बांधला, असे सांगतात. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत तेथेच त्यांनी देह ठेवला, आणि त्यांची समाधीही तेथेच आहे. ज्या राजाने आईच्या वयाचा असा मान राखला, त्याच्या नावाने आपल्या आजीला 'पायऱ्या चढवत नसतील तर घरी बस' असे सांगणे ही निष्ठा नव्हे, कठोरपणा आहे. ज्यांचे गुडघे, छाती किंवा वय चढणीस साथ देत नाही, त्यांनी पाळण्याने वर जावे आणि पाळण्यानेच खाली यावे. त्यांच्यासाठी रोपवे हे वरदान आहे, आणि त्यांनी मान खाली घालण्याचे काही कारण नाही.

आमचे म्हणणे धडधाकट माणसांपुरते आहे, आणि ते एका वाक्यात सांगता येते: गड पायांनी चढावा आणि पाळण्याने उतरावा. बहुतेक लोक जेव्हा अर्धवट सोय घेतात, तेव्हा ती उलट घेतात. चढताना पाळणा, उतरताना पायऱ्या. त्यांना वाटते, चढण तेवढी कष्टाची, उतार फुकटचा. वस्तुतः चढताना दम लागतो, पण गुडघ्यांवर खरा भार पडतो तो उतरताना. आणि सुमारे दीड हजार पायऱ्यांचा उतार हे काय प्रकरण आहे, हे दुसऱ्या दिवशी घराचा जिना सांगतो. शिवाय उतरणाऱ्याची दृष्टी पायांकडे असते. महादरवाजा त्याला पाठीमागून दिसतो, म्हणजे आतल्या शिपायाला दिसे तसा. चढणाऱ्याला तो शत्रूला दिसे तसा दिसतो. किल्ला शत्रूसाठी बांधलेला असतो. तेव्हा तो समजून घ्यायचा तर शत्रूच्याच वाटेने गेले पाहिजे.

असा बेत आखणे अवघड नाही. वरसेहून पहाटे पाचच्या सुमारास निघावे. कोलाडला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. तेथून माणगाव, महाड, आणि महाडहून आत वळले की नाते व पाचाड. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख 1896 साली याच नाते गावी जन्मले आणि त्यांचे घराणे रोह्याचे. तेव्हा रोहेकरांना ही वाट अगदीच परकी नाही. टिळकांनी रायगडावर शिवोत्सव भरवला तोही 1896 सालीच, आणि त्या वेळी जमलेल्या मंडळींना वर नेण्यास कोणताही दोर नव्हता, हे जाता जाता मुलांना सांगावे. आठ वाजण्यापूर्वी पायऱ्यांशी उभे राहावे, म्हणजे ऊन चढण्याच्या आत महादरवाजा मागे पडतो. घरातील वडीलधाऱ्यांनी हिरकणीवाडीस जाऊन पाळण्याने वर यावे. गंगासागर तलावापाशी सर्वांची भेट व्हावी. तेथून पालखी दरवाजाने आत शिरून राजसभा, नगारखाना, होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वर आणि समाधी असा क्रम ठेवावा. बळ उरले तर टकमक टोक. मग मेणा दरवाजाकडे येऊन सर्वांनी मिळून उतरावे.

दोन सूचना मात्र विसरू नयेत. सोसाट्याचा वारा सुटला की पाळणा थांबतो. म्हणून पायांत उतरण्यापुरते बळ आणि बाटलीत पाणी शिल्लक ठेवूनच समाधीपुढे जावे. यंत्राच्या भरवशावर आपली सगळी शक्ती खर्चून टाकणाऱ्याला डोंगर क्षमा करीत नाही. दुसरी सूचना पावसाळ्याची. जुलै 2024 मध्ये मुसळधार पावसात या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहिले आणि पर्यटक मधेच अडकले. आषाढातील धुके मोहक असते हे खरे, पण कुटुंब घेऊन जायचे तर दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

आणि ज्यांना रायगडाची चढण झेपेल की नाही अशी शंका आहे, त्यांनी ती घरबसल्या सोडवू नये. रोह्याच्या उत्तरेस अवचितगड उभा आहे. तेथे रोपवे नाही, तिकीट नाही, रांग तर नाहीच नाही. झाडीतून तासा-दोन तासांची चढण, माथ्यावर पाण्याची टाकी आणि खाली कुंडलिकेचे खोरे. पाळण्यासाठी अडीच-तीन तासांचा प्रवास करणाऱ्या किती वरसेकरांनी रोजच्या नजरेतला हा डोंगर पायाखाली घातला आहे, हे ज्याचे त्याने मनाशी म्हणावे.

कोणी विचारील, एका सुटीच्या दिवसासाठी एवढा खल कशाला? त्याचे कारण असे की हा प्रश्न आता एका गडाचा राहिलेला नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. रायगड त्यांत आहे. त्या वारशाला जे नाव दिले आहे, त्याचा अर्थ 'मराठ्यांचे लष्करी भूप्रदेश' असा होतो. वाडे नव्हेत, मंदिरे नव्हेत, भूप्रदेश! म्हणजे कडा, वाट, वळण आणि दार यांची एकत्र रचना. परदेशी परीक्षकांनी जे ओळखले, ते आपण पाच मिनिटांत ओलांडून जातो. त्याच 2025 साली महाराष्ट्र शासनाने राज्यभरातील 45 रोपवेंच्या योजनेस संमती दिली आणि त्यांत गडकिल्लेही आहेत. हे पाळणे कोठून निघतील व कोठे पोहोचतील, हे केवळ अभियंते ठरवणार नाहीत. आपण प्रवासी काय मागतो, यावर ते ठरेल. गडाला माथाच तेवढा असतो असे आपण आपल्या वागण्याने दाखवत राहिलो, तर पुढचा प्रत्येक दोर थेट माथ्यावर जाईल, आणि दरवाजांकडच्या जुन्या वाटा गवताखाली जातील. ज्या वाटेने कोणी चालत नाही तिची डागडुजी कोणी करीत नाही, हा सर्व देशांतला अनुभव आहे.

कडे उतरून बाळाकडे धावलेल्या हिरकणीची आख्यायिका घराघरांत सांगितली जाते. संध्याकाळी दरवाजे बंद झाले म्हणजे झाले, राजाज्ञेवाचून ते उघडत नसत, हा त्या कथेचा कणा आहे. ज्याने ते दरवाजे पाहिलेच नाहीत, त्याला त्या आईचे धाडस कळणार कसे? तिच्या नावाच्या वाडीतून पाळणा सुटतो, त्यात अवश्य बसावे; मात्र ते दिवस मावळताना, खाली येण्यासाठी.