मठाराची मजुरी

दिवाळी तोंडावर आली की पुण्यातली हौशी मंडळी कसबा पेठेतल्या तांबट आळीत शिरतात आणि तिथं तुळशीबागेतल्या घासाघिशीचा आवाज काढतात. या आठवड्यात एक जोडपं मठार केलेल्या घागरीचा भाव निम्म्यावर आणायला निघालेलं पाहिलं. "अहो काका, ऑनलाइन याहून स्वस्त मिळते!" मिळत असेलच, यंत्रानं दाबून काढलेले ठिपके महाग कशाला असतील? मठार म्हणजे नुसती नक्षी नव्हे. तांबं मऊ. हातोडीचा ठोका बसला की ते त्या जागी घट्ट होतं, चकाकतं. म्हणून ठोक्याला ठोका लावत भांडंभर ओळी पाडत जायचं. हात जरा हलला की ओळ वाकडी, आणि तांब्यावर खोडरबर चालत नाही. (आळीतला ठणठणाट असा, की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. दिवसभर त्यात बसणाऱ्याच्या कानांचा हिशेब भावात कुठंच धरलेला नसतो.) पूर्वी इथं बंब, हंडे घडायचे, आता दिव्यांच्या शेडसुद्धा होतात, माझी त्याला काडीचीही हरकत नाही. हरकत आहे ती तांबं वजनावर तोलून मजुरी फुकटात मागण्याला. मॉलमध्ये हीच मंडळी बारकोडपुढे मुकाट उभी असतात. हुज्जत घालायचीच तर तांब्याच्या दरावर घाला, मजुरीला हात लावू नका. आणि हो, स्वयंपाकाचं भांडं घेणार असाल तर आतून कल्हई आहे ना, ते विचारा. गिऱ्हाइकाला काहीतरी कळतं म्हणून कारागीरही जरा सैलावून बोलतो.